लाकूड, कागद आणि तीन चाके

विद्यार्थी मित्रांनो, वहीतील एका पानाचा कोपरा हळूच फाडा आणि फाटलेली कड भिंगाखाली धरून पाहा. केसाहूनही बारीक असे पांढरे धागे बाहेर डोकावताना दिसतील. हे धागे म्हणजे वनस्पतीच्या पेशींच्या पोकळ भिंती होत. कागद म्हणजे अशा असंख्य तंतूंचा, एकमेकांना घट्ट चिकटून बसलेला पातळ थर.

आता एक साधा हिशेब करू. लाकडापासून कागदाचा चांगला, मजबूत लगदा करायचा असेल, तर दोन टन कोरड्या लाकडातून जेमतेम एक टन लगदा हाती लागतो. मग उरलेले एक टन लाकूड जाते कुठे? नियमच आहे, द्रव्य नाहीसे होत नाही. ते दुसऱ्या कोणत्या तरी रूपात कुठे तरी असतेच. एके काळी हे अर्धे लाकूड काळ्या पाण्याच्या रूपाने नदीत सोडले जाई. आज त्याच काळ्या पाण्यावर कारखाना चालतो!

हे कसे घडते ते आपण पाहणार आहोत. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारणार आहोत. कारखान्याने आपला सगळा कचरा वापरून टाकला म्हणजे जंगलाचा हिशेब मिटला का?

रेषा आणि वर्तुळ

खाणीतून किंवा जंगलातून वस्तू काढायची, तिच्यापासून काही तरी बनवायचे, वापरायचे आणि फेकून द्यायचे, असा आजच्या बहुतेक उद्योगांचा क्रम असतो. ही झाली सरळ रेषा. तिच्या एका टोकाला खड्डा पडतो आणि दुसऱ्या टोकाला उकिरडा साठतो. याउलट एकाचा कचरा हा दुसऱ्याचा कच्चा माल व्हावा, वस्तू शक्य तितकी जास्त काळ वापरात राहावी आणि शेवटी तिची द्रव्ये निसर्गात परत जावीत, अशी रचना केली तर रेषेचे वर्तुळ होते. या रचनेला ‘चक्रीय अर्थव्यवस्था’ असे नाव आहे.

नाव नवे असले तरी कल्पना आपल्याला परकी नाही. कडबा गुरांना, शेण खताच्या खड्ड्यात आणि खत पुन्हा शेतात, हे चक्र शेतकऱ्याच्या घरचेच आहे. आपल्या साखर कारखान्यांतही उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाळून वाफ आणि वीज मिळवतात, मळीपासून अल्कोहोल करतात आणि रसातला गाळ, म्हणजे प्रेसमड, खत म्हणून शेतात जातो. लाकडाचा उद्योग हा या बाबतीत साखर कारखान्याचा मोठा भाऊच म्हणायला हवा. त्याची चाल समजून घ्यायला आपल्याला उत्तर युरोपातल्या फिनलंड देशात जावे लागेल. या देशाची सुमारे तीन चतुर्थांश भूमी जंगलाने व्यापलेली आहे, आणि स्प्रूस, पाइन व बर्च या झाडांवर तेथील मोठमोठे कारखाने चालतात.

पहिले चाक : काळा, हिरवा आणि पांढरा द्रव

लाकडात मुख्यतः तीन द्रव्ये असतात : सेल्युलोज, हेमिसेल्युलोज आणि लिग्निन. सेल्युलोजचे तंतू म्हणजे जणू लोखंडी सळया आणि लिग्निन म्हणजे त्यांना जखडून ठेवणारे सिमेंट. सूचिपर्णी झाडांच्या लाकडात लिग्निनचे प्रमाण पाव भागाहून थोडे अधिकच असते. तंतू सुटे करायचे तर हे सिमेंट विरघळवले पाहिजे.

त्यासाठी लाकडाचे आगपेटीएवढे तुकडे करून ते एका उंच, बंद पात्रात शिजवतात. तापमान सुमारे १७० अंश सेल्सिअस, दाब भरपूर आणि सोबत कॉस्टिक सोडा (सोडिअम हायड्रॉक्साइड) व सोडिअम सल्फाइड यांचे द्रावण. या द्रावणाला ‘पांढरा द्रव’ म्हणतात. काही तासांत लिग्निन विरघळते, तंतू मोकळे होतात आणि पांढरा द्रव काळाकुट्ट होतो. आता तो ‘काळा द्रव’. आपले हरवलेले एक टन लाकूड यात विरघळलेले आहे, आणि महागडी रसायनेही यातच अडकलेली आहेत.

या पद्धतीचा उगम मोठा गमतीदार आहे. पूर्वी लाकूड नुसत्या सोड्यात शिजवीत. हा सोडा महाग पडे. डान्झिग (आजचे पोलंडमधील ग्दान्स्क) येथे कार्ल डाल नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. प्रत्येक फेरीत सोड्याची जी घट येते ती भरून काढायला त्यांनी १८७९ साली स्वस्त सोडिअम सल्फेट वापरून पाहिले. भट्टीत त्या सल्फेटचे सल्फाइड झाले; आणि त्या सल्फाइडमुळे निघालेला लगदा पूर्वीपेक्षा कितीतरी बळकट निघाला! म्हणूनच या पद्धतीला ‘क्राफ्ट’ हे नाव पडले. जर्मन आणि स्वीडिश भाषांत क्राफ्ट म्हणजे शक्ती. खोक्यांसाठी वापरतात तो तपकिरी क्राफ्ट कागद तुम्ही पाहिलेलाच आहे.

पण काळ्या द्रवातून रसायने परत मिळवणे सोपे नव्हते. १९३० नंतरच्या दशकात कॅनडातील जी. एच. टॉमलिन्सन यांनी त्यासाठी खास बॉयलर विकसित केला आणि क्राफ्ट पद्धतीचे चाक खऱ्या अर्थाने फिरू लागले.

हे चाक फिरते कसे? काळा द्रव आधी आटवून काकवीसारखा दाट करतात आणि मग बॉयलरमध्ये फवारतात. त्यातले लिग्निन जोमाने जळते. उष्णतेने पाण्याची वाफ होते, वाफेवर जनित्र फिरते, वीज तयार होते. जळू न शकणारे क्षार मात्र वितळून तळाशी साठतात. हा रस पाण्यात विरघळवला की ‘हिरवा द्रव’ तयार होतो. यात सोडिअम सल्फाइड असते, ते आपल्याला हवेच आहे. पण सोडिअम हायड्रॉक्साइडच्या जागी सोडिअम कार्बोनेट, म्हणजे आपला धुण्याचा सोडा, असतो. त्याचे पुन्हा कॉस्टिक कसे करायचे? येथे पानाला लावायचा साधा चुना मदतीला येतो. पुढच्या तीन अभिक्रिया क्रमाने वाचा :

१) सोडिअम कार्बोनेट + विरलेला चुना → सोडिअम हायड्रॉक्साइड + कॅल्शिअम कार्बोनेट

२) कॅल्शिअम कार्बोनेट → (तापवल्यावर) कळीचा चुना + कार्बन डायऑक्साइड

३) कळीचा चुना + पाणी → विरलेला चुना

पाहिलेत? पहिल्या अभिक्रियेत कॉस्टिक सोडा परत मिळाला आणि पांढरा द्रव पुन्हा तयार झाला. वापरलेला चुना चुनखडीच्या गाळाच्या रूपात खाली बसला. दुसऱ्या अभिक्रियेत तो सुमारे १००० अंशांवर भाजून कळीचा चुना झाला. तिसरीत तो पाण्यात विरला आणि पहिल्या अभिक्रियेसाठी पुन्हा हजर झाला! म्हणजे सोड्याच्या चाकात चुन्याचे आणखी एक चाक अडकवलेले आहे. शिजवण्यासाठी वापरलेल्या रसायनांचा शेकडा ९५ हून अधिक भाग अशा रीतीने परत मिळतो.

काळ्या द्रवातून आणखीही काही निघते. पाइनचे लाकूड शिजवताना टर्पेंटाइन मिळते, तेच जे रंगारी रंग पातळ करायला वापरतात. द्रव आटवताना त्यावर साबणाची साय धरते. ती काढून तिच्यावर आम्लाची क्रिया केली की ‘टॉल ऑइल’ मिळते. यातील ‘टॉल’चा उंचीशी काही संबंध नाही, स्वीडिश भाषेतला तो पाइन वृक्षासाठीचा शब्द आहे. या तेलापासून चिकटद्रव्ये व शाई यांसाठी राळ मिळते. १९९५ साली फिनलंडमध्ये रक्तातील कोलेस्टेरॉल कमी करणारे मार्गारिन बाजारात आले, त्यातला मुख्य घटकही याच तेलातून काढलेला होता. २०१५ पासून लापेनरांता या गावी टॉल ऑइलपासून मोटारींसाठी डिझेल बनवले जाते.

फिनलंडमधील अ‍ॅनेकोस्की येथे २०१७ च्या ऑगस्टमध्ये सुरू झालेला कारखाना या साऱ्याचा उत्तम नमुना आहे. वर्षाला सुमारे ६५ लाख घनमीटर लाकूड घेऊन १३ लाख टन लगदा तयार करण्याची त्याची क्षमता आहे. नेहमीच्या कामासाठी तो दगडी कोळसा, खनिज तेल किंवा नैसर्गिक वायू वापरीत नाही. झाडाच्या सालींपासून वायू तयार करून त्यावर चुन्याची भट्टी चालवतात. सडक्या अंड्यांसारखा वास येणारे गंधकाचे वायू, ज्यांच्यामुळे कागद गिरणीच्या आसपास राहणारे लोक पूर्वी हैराण होत, ते पकडून त्यांचे सल्फ्युरिक आम्ल करतात. स्वतःला लागते त्याच्या दुपटीहून अधिक वीज हा कारखाना तयार करतो आणि उरलेली बाहेर देतो.

हे झाले पहिले चाक. ते फार वेगाने फिरते. आज शिजवण्याच्या पात्रात गेलेला सोडा थोड्याच काळात पुन्हा त्याच पात्राच्या तोंडाशी येतो.

दुसरे चाक : तंतूंचा प्रवास

दुसरे चाक कारखान्याबाहेर, आपल्या घरांतून फिरते, आणि त्याला गती देणारा माणूस म्हणजे आपला रद्दीवाला. जुन्या कागदाचा पुन्हा कागद करता येतो हे १७७४ सालीच जर्मनीतील ग्यॉटिंगेन येथे युस्टुस क्लाप्रोथ यांनी लिहून ठेवले होते. छापील कागदावरची शाई काढून त्याचा नवा कागद करण्याची रीत त्यांनी सांगितली. हे गृहस्थ कायद्याचे प्राध्यापक होते, हे विशेष!

रद्दीपासून कागद होतो तो पाण्याच्या जादूमुळे. कागदातले तंतू हायड्रोजन बंधांनी एकमेकांना धरून ठेवतात. कागद भिजवून घुसळला की हे बंध सुटतात. वाळवला की पुन्हा जुळतात. मग हे चाक कायम का फिरत नाही? कारण प्रत्येक फेरीत तंतू तुटून आखूड होतात, वाळताना ताठर होतात आणि त्यांची एकमेकांना धरून ठेवण्याची ताकद घटते. साधारणतः पाच ते सात फेऱ्यांनंतर ते इतके बारीक होतात की जाळीतून पाण्याबरोबर वाहून जातात. म्हणून रद्दी कितीही गोळा केली तरी या चाकात थोडे नवे तंतू सतत घालावेच लागतात.

येथेच शहाणपणाचा एक नियम निघतो : लाकडाचा आधी सर्वांत टिकाऊ उपयोग करावा, आणि जाळणे शेवटी ठेवावे. जाड, सरळ ओंडके सॉमिलमध्ये जावेत आणि त्यांच्या तुळया, फळ्या व्हाव्यात. शेंडे आणि विरळणीत काढलेली बारीक झाडे लगद्यासाठी जावीत. फळ्या कापताना उरलेल्या ढलप्यांचाही लगदा व्हावा, भुशाचे दाबून तक्ते व्हावेत. जुनी तुळई काढली तर तिचे कपाट व्हावे, कपाट मोडले तर भुसा-तक्ता, आणि शेवटी तो चुलीत.

या क्रमाला महत्त्व का, हे आकड्यांनी पाहू. कोरड्या लाकडाच्या वजनात सुमारे निम्मा कार्बन असतो. म्हणजे १ किलो लाकडात ५०० ग्रॅम कार्बन. कार्बनचा अणुभार १२ आणि कार्बन डायऑक्साइडचा रेणुभार ४४. म्हणून ५०० ग्रॅमला ४४ ने गुणून १२ ने भागा. उत्तर येते सुमारे १,८३० ग्रॅम. एक किलो लाकूड वाढताना झाडाने हवेतून एवढा वायू ओढून घेतला होता, आणि ते लाकूड जाळले की तेवढाच परत सुटणार. तुळईच्या रूपात तो पिढ्यान्‌पिढ्या घरात बंदिस्त राहतो. जागतिक हवामान-हिशेबांत कापीव लाकडाचा निम्मा साठा नाहीसा व्हायला ३५ वर्षे धरतात, तक्त्यांचा २५ वर्षे, तर कागदाचा अवघी २ वर्षे!

तिसरे चाक : जंगल

आता तिसरे आणि सर्वांत मोठे चाक. कारखान्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड पुन्हा लाकडात बांधला जातो तो फक्त जंगलात. फिनलंडच्या थंड हवेत स्प्रूस किंवा पाइनचे झाड तोडण्याजोगे व्हायला साधारणतः ६० ते १०० वर्षे लागतात. तोडलेल्या जागी नवे जंगल उभे करणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. पण आज लावलेले रोप तुमच्या नातवंडांच्या काळात तोडण्यायोग्य होणार!

या चाकात केवळ कार्बन फिरत नाही. फॉस्फरस, पोटॅशिअम, कॅल्शिअम ही झाडाची अन्नद्रव्येही फिरतात. ती खोडाच्या लाकडात थोडी आणि पाने, डहाळ्या व साल यांत पुष्कळ असतात. नुसती खोडे नेली आणि डहाळ्या जागीच सोडल्या तर जमिनीचे फारसे नुकसान होत नाही. पण ‘कचरा’ म्हणून डहाळ्याही वीजकेंद्रात नेऊन जाळल्या की जमीन उपाशी राहू लागते. यावर उपाय म्हणून लाकडाची राख जंगलात परत पसरतात. ताजी राख फार दाहक असते, तिने शेवाळे होरपळते. म्हणून आधी तिच्या गोळ्या करतात. मात्र राखेत नायट्रोजन नसतो, तो जळताना धुरावाटे निघून जातो. त्यामुळे पीटच्या, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींच्या जमिनीत, जिथे नायट्रोजन भरपूर पण पोटॅशिअम व फॉस्फरस कमी, तिथेच राखेचा गुण उत्तम दिसतो.

आणखी एका गोष्टीकडे तुमचे लक्ष वेधायचे आहे. जंगलात पडून कुजणारा ओंडका आपल्याला वाया गेलेला दिसतो. पण फिनलंडमधील वनजीवांच्या सुमारे चार ते पाच हजार जाती अशा मृत लाकडावर अवलंबून आहेत : भुंगेरे, बुरशी, शेवाळी आणि कितीतरी. तो ओंडका त्यांचे घर आहे आणि ताटही आहे. कारखान्यासाठी राखलेल्या जंगलात असे लाकूड नैसर्गिक जंगलाच्या मानाने फारच थोडे उरते. म्हणजे ‘काहीही वाया जाऊ द्यायचे नाही’ हा नियम कारखान्यात शोभतो. जंगलात तो जसाच्या तसा लावला तर दुसऱ्याच्या तोंडचा घास काढल्यासारखे होते.

सर्वांत संथ चाकाचा हुकूम

सायकलची साखळी आठवा. मोठे चाक सावकाश फिरते आणि लहान चाक भराभर. पण दोन्ही साखळीने बांधलेली असतात. आपली तीन चाकेही तशीच आहेत. सोड्याचे चाक भराभर फिरते, कागदाचे महिन्या-वर्षांत फिरते, आणि जंगलाचे चाक एका फेरीला ६० ते १०० वर्षे घेते. पहिली दोन चाके कितीही सफाईने फिरली, तरी जंगल जितके वाढते त्याहून अधिक काढत राहिलो, तर वर्तुळाला भोक पडते.

ही नुसती शंका नाही. फिनलंडची जंगले वर्षानुवर्षे हवेतला कार्बन शोषून घेणारी म्हणून ओळखली जात. पण २०२२ च्या अखेरीस जाहीर झालेल्या हिशेबात असे आढळले की, २०२१ साली जंगल आणि जमीन मिळून या देशाच्या भूमीने जितका हरितगृह वायू शोषला, त्याहून अधिक बाहेर सोडला. तोड वाढली होती, झाडांची वाढ मंदावली होती आणि निचरा केलेल्या पीटच्या जमिनींतून सतत वायू सुटत होता. जगातले अत्यंत आधुनिक लगदा-कारखाने ज्या देशात आहेत, त्याच देशात हे घडले! कारखान्याचे वर्तुळ जवळपास पूर्ण होते, जंगलाचे नव्हते. तेव्हापासून तोड किती करावी, डहाळ्या किती सोडाव्यात, पीटच्या जमिनी पुन्हा ओल्या कराव्यात का, यावर तेथे जोराचा वाद चालू आहे. कारखान्यांवर हजारो कुटुंबांची भाकरी अवलंबून आहे, आणि जंगलावर सर्वांचीच. म्हणून हा प्रश्न सोपा नाही.

आपल्या देशात चाकांचा वेग वेगळा आहे. आपला ऊस बारा ते अठरा महिन्यांत तयार होतो, म्हणून चिपाडापासून केलेल्या कागदाचे चक्र लवकर पुरे होते. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने सांगितले की, कारखान्यांनी आपला कच्चा माल शक्य तो शेतकऱ्यांशी थेट संबंध जोडून पिकवून घ्यावा. आज आपल्या कागद गिरण्यांना लागणारे सुबाभूळ, निलगिरी, सुरू यांचे लाकूड मुख्यतः शेतांतून येते आणि ते थोड्याच वर्षांत तोडणीला येते. शिवाय आपल्या कागदाचा मोठा भाग रद्दीपासूनच बनतो. पण सुबाभळीचे शेत म्हणजे जंगल नव्हे, हेही विसरता कामा नये. शेतातले लाकूड जंगलावरचा भार हलका करते, जंगलाची जागा घेऊ शकत नाही.

तेव्हा मित्रांनो, एखाद्या वस्तूवर ‘पर्यावरणस्नेही’ असा शिक्का पाहिला की एक प्रश्न विचारायची सवय लावून घ्या : हिच्या चक्रातले सर्वांत संथ चाक कोणते, आणि ते पुरे फिरेपर्यंत थांबायची आपली तयारी आहे का?

करून पाहा

१) शिक्षकांच्या देखरेखीखाली, परीक्षानळीत चुन्याची स्वच्छ निवळी घ्या आणि तिच्यात धुण्याच्या सोड्याचे सौम्य द्रावण घाला. नळीत दुधासारखा पांढरा साका दिसेल. तो कॅल्शिअम कार्बोनेट. लगदा-कारखान्यातील पहिली अभिक्रिया तुमच्या नळीत घडली! वर राहिलेल्या पाण्यात थोडा कॉस्टिक सोडा असतो, म्हणून द्रावणाला हात लावू नका.

२) वहीचे जुने कागद भिजवून, घुसळून, जाळीवर ओतून वाळवा व हातकागद करा. त्याची सारख्या रुंदीची पट्टी कापून ती किती वजनाने तुटते ते मोजा. तोच कागद पुन्हा भिजवून आणखी दोनदा हीच कृती करा. प्रत्येक वेळी जाडी सारखी ठेवा आणि तिन्ही आकड्यांचा आलेख काढा. दुसरे चाक कायम का फिरत नाही, ते तुमचा आलेखच सांगेल.